हौशीचा ताणांक

त्या सोमवारी इलाही मुजावर सकाळी साडेनऊला आपल्या कुत्र्याला न्हाऊमाखू घालून केंद्रात घेऊन आले, आणि अकराच्या आत कुत्र्यावाचून घरी गेले. हे घडवून आणलं त्रिशला चौगुलेने.

मिरजेच्या 'कवडसा' पुनर्वसन केंद्रात अठरा सेवाश्वान होते. अपघातातून उठलेली, अर्धांगाच्या झटक्यातून सावरणारी, धसक्याने वाचा बसलेली माणसं तिथे येत आणि औषध-व्यायामाबरोबर रोज थोडा वेळ कुत्र्यापाशी बसत. प्रत्येक कुत्र्याचा एक सांभाळकर्ता असे. कुत्रा त्याच्याच घरी राही, त्याच्याबरोबर कामावर येई, त्याच्याबरोबर परत जाई. इलाहीभाई त्यांतले एक. वय अठ्ठावन्न, उमेदीचा सगळा काळ सतारीचे भोपळे तासण्यात गेलेला. त्यांचा बादल काळाभोर आणि जाड मानेचा होता. त्रिशला या सगळ्या सांभाळकर्त्यांची प्रमुख. तिची स्वतःची हौशी ही लॅब्रॅडोर आणि गावठी यांच्या मिश्रणातली गव्हाळ कुत्री. केंद्रात पाहुणे आले की आधी तिलाच पुढे करत.

इलाहीभाईंची चूक अशी, की त्यांना एका पोरीची दया आली. पूर्वा खोत नावाची सात वर्षांची मुलगी. बापाला डोळ्यांदेखत उसाच्या ट्रॉलीखाली जाताना पाहिल्यापासून वर्षभर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तो फुटला बादलपाशी. मग ती बादलच्या मानेला मिठी घालून तासन्‌तास बोलू लागली, आणि तिच्या आईने हात जोडले म्हणून इलाहीभाई चाळीस मिनिटांच्या जागी दीड-दोन तास बसू देऊ लागले. सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला घेऊन पोरीच्या घरी जाऊ लागले. तीन आठवडे बादलचा ताणांक, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्याने मोजलेला ताणाचा आकडा, साठाच्या वर होता. नियमाप्रमाणे बादल कामातून मोकळा झाला, आणि ज्याने त्याला राबवलं त्याच्या घरी त्याला ठेवायचं नाही, हाही नियमच होता.

इलाहीभाई भांडले नाहीत. पोरगी बोलायला लागली होती एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "तो आपणहून जातो की तिच्याकडं. मी ढकलत नाही."

"आपणहून जायला आपणच शिकवलंय त्याला," त्रिशला म्हणाली. "तुम्हाला पोरगी दिसली, इलाहीभाई. बादलकडे कुणी बघायचं?"

तिने त्यांच्यासमोर आकडा धरला. एकाहत्तर. त्यांनी तो पाहिला, मग कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रा शांत बसला होता. कुत्रा कुठे जाणार, असं त्यांनी विचारलं. ते सांगता येत नाही, असं तिने सांगितलं. तिला वाईट वाटलं नाही असं नव्हे, पण आपण योग्य केलं याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका नव्हती.

तशी ती असायचं कारणही नव्हतं. कुत्र्यांच्या वतीने भांडण्यात तिची दहा वर्षं गेली होती. ती या कामात आली तेव्हा कुत्र्याला काय वाटतं हे कळायला माणसाच्या डोळ्यांखेरीज काही साधन नव्हतं. ताण आला की कुत्रा जांभई देतो, जीभ ओठांवरून फिरवतो, मान वळवून डोळ्याचा पांढरा कोपरा दाखवतो. पण सेवाश्वानाचं शिक्षण म्हणजे नेमकं हेच सगळं न करायला शिकणं. कुणी केस ओढले, कुणी अंगावर किंचाळलं, तरी हलायचं नाही. जो कुत्रा सगळ्यांत शांत तो सगळ्यांत चांगला. आणि शांत कुत्रा सुखी असतो, असं लोकांनी आपल्या सोयीने धरून चाललेलं.

ते खोटं पाडलं जाणपट्ट्याने. गळ्यातल्या साध्या पट्ट्याएवढा पट्टा. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुयांची एक टिकली. त्या सुया कातडीच्या वरच्या थरातच शिरतात, कुत्र्याला टोचल्याचं कळतही नाही. पेशींच्या मधल्या पाण्यात ताणाचं संप्रेरक किती उतरलंय हे त्या दर काही मिनिटांनी मोजतात. त्याच्या जोडीला हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. निवांत जनावराच्या ठोक्यांत थोडी मोकळीक असते, एक ठोका लवकर, एक सावकाश. घाबरलेल्याचे ठोके घड्याळासारखे एकसुरी पडतात. या दोन्हींतून शून्य ते शंभर असा एकच आकडा निघतो, तो ताणांक. पट्टा आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं, की 'कवडसा'तले सात शांत कुत्रे आतून जळत होते. रुग्णाचं संप्रेरक ज्या चाळीस मिनिटांत खाली येई, त्याच चाळीस मिनिटांत त्यांचं वर चढे.

त्रिशलाने ते आलेख घेऊन मंत्रालयापर्यंत धडक मारली. सेवाप्राण्यांचे नियम झाले, त्यांतली अर्धी कलमं तिच्या हातची. पण तिचं समाधान झालं नव्हतं. पट्टा फक्त कामाच्या वेळात घालत. कुत्रा थकवा घरी घेऊन जातो, तो कोण मोजणार, असं ती प्रत्येक बैठकीत विचारी. शेवटी केंद्राने चोवीस तास मोजायचं कबूल केलं, आणि पहिला कुत्रा म्हणून तिने हौशीचं नाव दिलं. बादल गेला त्यानंतर तीन महिन्यांनी.

महिनाभराने डॉक्टर नचिकेत हेरवाडकरने तिला आपल्या खोलीत बोलावलं. नचिकेत केंद्राचा पशुवैद्य, वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचा. त्याने आधी चहा मागवला, मग खिडकी लावली, मग पुन्हा उघडली. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

भिंतीवर त्याने हौशीचा आलेख लावला. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, म्हणजे केंद्रातले तास, तिथे रेघ तिसाच्या आसपास. पाचनंतर रेघ चढत जाई आणि पहाटे सत्तरीला टेके.

"दिवसभराचा शीण घरी गेल्यावर उतरत असेल अंगात," त्रिशला म्हणाली. "मी तेच तर सांगत होते."

नचिकेतने रविवारचे चार दिवस वेगळे काढून दाखवले. रविवारी हौशीला काम नसे. त्या दिवशी रेघ सकाळपासून साठाच्या वर होती. मग त्याने अजून एक आठवडा दाखवला. भाचीच्या लग्नासाठी त्रिशला हुबळीला गेली होती आणि हौशीला केंद्रात ठेवली होती, तो आठवडा. अनोळखी खोली, अनोळखी पिंजरा, आणि रेघ पंचवीस.

तो पुढचं बोलायच्या आत तिला कळलं होतं. तरी त्याने सांगितलं, कारण सांगणं त्याचं काम होतं. माणसाजवळ वर्षानुवर्षं राहणाऱ्या कुत्र्याचं संप्रेरक त्या माणसाच्या संप्रेरकाबरोबर वरखाली होऊ लागतं. घामाचा वास बदलतो, श्वासाचा बदलतो, आणि कुत्र्याच्या नाकाला ते माणसाला कळायच्या आधी कळतं. माणसाचं लपतं ते माणसांपासून. एका खोलीत झोपणाऱ्या कुत्र्यापासून काय लपणार.

"ताई, तुम्हाला काही त्रास होतोय का?" त्याने विचारलं.

"मला? नाही."

हे ती सगळ्यांनाच सांगत आली होती. तिचा नवरा भरत साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. सव्वादोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना खाली कोसळला, अकरा दिवस दवाखान्यात होता आणि शुद्धीवर न येता गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्या दिवशी त्रिशला कामावर हजर झाली. जो तो म्हणाला, बाई मोठी खंबीर. डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नाही, कारण ते आलंच नव्हतं. घरी गेल्यावर ती जेवण उरकायची, दिवे मालवायच्या आधी पलंगावर आडवी व्हायची, आणि एक हात खाली सोडून हौशीच्या बरगड्यांवर ठेवायची. पहाटे चारला जाग यायची तेव्हाही हात तिथेच असायचा. हौशी हलायची नाही. केंद्रातल्या रुग्णाला चाळीस मिनिटं मिळत. त्रिशलाने सव्वादोन वर्षं घेतली होती, एकही सुट्टी न देता.

रोज काही तास साठाच्या वर, असे सलग तीन आठवडे गेले तर कुत्र्याला ताणाच्या कारणापासून दूर करावं. कारण रुग्ण असो, जागा असो वा सांभाळकर्ता. कलम तिनेच लिहिलेलं. 'वा सांभाळकर्ता' हे दोन शब्द तर तिने हट्टाने घालायला लावले होते. नचिकेत म्हणाला की आजपासून तीन आठवडे मोजू, मागचं सोडून देऊ. त्याला तसं करायचा अधिकार नव्हता, आणि तिला ते माहीत होतं. तरी तिने मान डोलावली.

ते तीन आठवडे त्रिशलाने जिवाचा आटापिटा केला. सासूने शिकवलेलं सामायिक, म्हणजे जैनांचं ध्यानाला बसणं, ती भरतच्या मागे विसरून गेली होती. आता पुन्हा रोज अठ्ठेचाळीस मिनिटं आसन घालून डोळे मिटून बसू लागली. प्राणायाम केला. डॉक्टरकडून झोपेची गोळी आणली. पण ती मनाशी शांत शांत म्हणत बसली की हौशी उठून जवळ येई आणि तिच्या तोंडाकडे बघत राही. आकडा अडुसष्ट. एका संध्याकाळी तिने हौशीला बाहेरच्या खोलीत ठेवून मधलं दार लावून घेतलं. वास तरी जाणार नाही, असा हिशेब. हौशी दाराला नाक लावून बसली. ओरडली नाही, दार ओरखडलं नाही, नुसती बसली. तासाभराने त्रिशलाने दार उघडलं तेव्हा आकडा एकोणऐंशी होता.

दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं, की हौशीने उजव्या पुढच्या पायाचे केस चाटून चाटून काढलेत. खाली रुपयाएवढी लाल कातडी दिसत होती. तिने हळद लावली आणि कुणाला सांगितलं नाही.

तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर बेकरी होती आणि बेकरीत खारी नावाची एक म्हातारी, लठ्ठ कुत्री होती. ती भट्टीच्या उबेला दिवसभर पसरलेली असायची. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्रिशलाने हौशीच्या गळ्यातला जाणपट्टा काढला, खाली नेला आणि खारीच्या गळ्यात बांधला. बेकरीवाल्याला सांगितलं की केंद्राचा एक प्रयोग चालू आहे. सकाळी कामावर निघताना तो पुन्हा हौशीला घातला. हे तिने रोज केलं. घरच्या तासांची रेघ अठ्ठावीसवर आली. नचिकेतचा फोन आला, त्याचा आवाज मोकळा झाला होता. "बघा ताई, सामायिक लागू पडलं," तो म्हणाला. तिने हो म्हटलं. जन्मात कधी दुसऱ्याची पेन्सिल न उचललेल्या बाईने हे केलं, आणि तिला त्याची लाजसुद्धा वाटली नाही. वाटली ती फक्त सुटका.

सातव्या दिवशी दुपारी पूर्वाची आई दीपाली खोत केंद्रात आली. ती एका शिवणकारखान्यात काम करायची आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मुलगी बरोबर नव्हती. तिने सांगितलं की बादल गेल्याला पाच महिने होत आले आणि पूर्वा पुन्हा गप्प झालीय. दुसरे दोन कुत्रे देऊन पाहिले, ती त्यांच्याकडे पाठ करून बसते. शाळेतून नाव काढायला सांगितलंय.

"बादलला एकदा दाखवा फक्त," ती म्हणाली. "दहा मिनिटं. लांबून दाखवला तरी चालेल. ती हात लावणार नाही, मी धरून ठेवीन."

त्रिशलाने तिला पाणी दिलं. बादल आता एका कुटुंबात रुळलाय, जुनी ओळख समोर आली तर त्याला पुन्हा त्रास होईल, असं समजावून सांगितलं. ते खरंच होतं. दीपाली ऐकत होती. शेवटी त्रिशला म्हणाली, "मला तुमचं दुःख कळतं. पण नियम सगळ्यांना सारखा असतो."

हे तिच्या तोंडून निघालं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. दोन तासांनी तिला घरी जाऊन खारीच्या गळ्यात पट्टा बांधायचा होता.

"हो ना, सारखाच असणार," दीपाली म्हणाली. तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. ती उठली, पाण्याचा पेला जागच्या जागी ठेवला आणि गेली.

त्रिशलाने तो पेला विसळून ठेवला. मग नचिकेतच्या खोलीत जाऊन तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बेकरी, खारी, सात दिवस, पायाची जखम.

नचिकेतने तिला बसायला सांगितलं नाही. टेबलावरचं पेन उघडलं, बंद केलं. "ठोके हौशीचे नाहीत हे मला दुसऱ्या दिवशीच दिसलं होतं," तो म्हणाला. "वयस्क, लठ्ठ कुत्र्याचं हृदय वेगळं चालतं. मी बघितलं नाही असं करणार होतो."

"मग इलाहीभाईंचं का बघितलंत?"

तो खाली मान घालून बसला. त्या क्षणी तिला त्याचा राग आला, आणि लगेच कळलं की हा प्रश्न त्याला विचारायचा तिला काही अधिकार नाही. इलाहीभाईंचं बघणारी ती स्वतः होती.

प्रमुखपद तिने त्याच दिवशी सोडलं. हौशी कुठे द्यायची हे ठरवणं नव्या प्रमुखाच्या हातात होतं, पण नचिकेतने तिला विचारलं, तुमच्या मनात कुणी आहे का. तिने इलाहीभाईंचं नाव सांगितलं. कुत्रं कळणारा माणूस, घर शांत, आणि घरी नुसतं कुत्रं पाळायला त्यांना कुठलीच आडकाठी नव्हती. नचिकेतने कागद करून दिला.

इलाहीभाईंच्या घरी ती पहिल्यांदाच गेली. पुढच्या पडवीत अजूनही दोन-चार वाळके भोपळे टांगलेले होते. त्यांच्या बायकोने खुर्ची दिली आणि ती आत गेली. त्रिशलाने काहीही न लपवता सगळं सांगितलं. इलाहीभाई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते.

"कुत्री सांभाळाय देताय," ते शेवटी म्हणाले, "का माफी मागताय?"

"मला नाही सांगता येत," त्रिशला म्हणाली.

"बादल कुठं हाय?"

हे सांगणं नियमात बसत नव्हतं. तिने सांगितलं. टाकळीच्या पुढे एका द्राक्षबागायतदाराच्या मळ्यात आहे, घरात तीन मुलं आहेत.

"बरा हाय?"

"बरा आहे. ताणांक तीस-बत्तीस असतो."

इलाहीभाईंनी मान डोलावली. "म्हणजे आम्ही नसलो की बरा," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की कुत्रीचा यात काय दोष, आणा तिला.

हौशीला पोचवायला नचिकेत गेला. त्रिशलाने जायचं नाही असं ठरलं, कारण ताटातुटीच्या वेळी तिच्या अंगातून जे निघेल ते हौशीला सोसवलं नसतं. तिने फक्त तिची ताटली, ब्रश आणि चादर धुऊन वाळवून पिशवीत भरून दिली. चादर इलाहीभाईंनी वापरू नये, असंही नचिकेतने सुचवलं. तिच्यात वास राहतो.

इलाहीभाईंनी संमती दिल्यामुळे, जुनी सांभाळकर्ती म्हणून पुढचे चाळीस दिवस तिच्या फोनवर हौशीचा आकडा दिसणार होता. पहिले तीन दिवस तो सत्तरीत होता आणि त्रिशलाला अन्न गोड लागलं नाही. पण, खरं सांगायचं तर, त्याच तीन दिवसांत तिला थोडा आधारही वाटला. हौशीला आपण हव्या आहोत. चौथ्या दिवशी साठ झाला. दहाव्या दिवशी बेचाळीस. तीन आठवड्यांनी सव्वीस, आणि मग तो तिथेच राहिला, दिवसा आणि पहाटे, इतर वारी आणि रविवारी. नचिकेतने कळवलं की पायावर केस यायला लागलेत. ती फोन उघडून सव्वीस बघायची. इतकी वर्षं ती ज्या आकड्यासाठी भांडली तो आकडा हाच.

याच काळात एकदा तिला रडू आलं. कुठलं निमित्त नव्हतं, ओट्यापाशी भाजी निवडत होती. अर्धा तास रडली. पायाशी कुणी नव्हतं.

नव्या घराची संमती असेल तर चाळीस दिवस संपल्यावर एक भेट देता येत असे. भेटीत ताण चढला नाही, तर पुढे महिन्यातून एकदा जाता येई. नचिकेतने तिला नीट समजावलं होतं की जुनं माणूस दिसलं की आकडा चढणारच. आनंदानेही तो चढतो. पण आनंदाचा चढ वीस-पंचवीस मिनिटांत उतरतो, कारण त्याच्या मागे भीती नसते. अर्धा तास थांबा, तो म्हणाला होता, घाबरू नका.

ती रविवारी सकाळी दहाला गेली. हौशी पडवीत झोपली होती. फाटकाची कडी वाजली तशी तिने डोकं वर केलं, आणि मग ती अशी धावत आली की वाटेतली बादली आडवी झाली. तिने त्रिशलाच्या कमरेवर पाय टाकले, हात चाटले, गोल गोल फिरली, घशातून बारीक आवाज काढला. इलाहीभाईसुद्धा हसले. ते म्हणाले की इतकी नाचताना तिला कधी बघितली नाही.

त्रिशला पडवीच्या पायरीवर बसली. हौशी तिच्या मांडीला टेकून बसली आणि हळूहळू शांत झाली. श्वास धिमा झाला, शेपूट थांबली, डोळे अर्धे मिटले. बघणाऱ्याला वाटावं, कुत्री आता झोपेल.

इलाहीभाईंच्या बायकोने चहा आणून ठेवला. इलाहीभाई इकडचं तिकडचं बोलत होते. मग त्यांनी आपणहून सांगितलं की ते एकदा पूर्वाला घेऊन टाकळीच्या मळ्यात गेले होते. मालक भला माणूस, त्याने येऊ दिलं. पोरगी कुंपणापाशी उभी राहिली. बादल उठला, जवळ आला, तिचा हात हुंगला, आणि परत जाऊन मुलांच्या खाटेखाली सावलीत बसला.

"मग?" त्रिशलाने विचारलं.

"मग काय. बघत बसली त्याच्याकडं. बोलली काय नाही." त्यांनी चहाची बशी तिच्याकडे सरकवली. "मलाबी हुंगलं त्यानं. तसाच गेला."

हौशीचा आकडा आता इलाहीभाईंच्या फोनवर येत असे. फोन त्यांनी मघापासून हातात धरला होता आणि अधूनमधून बघत होते. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. त्रिशलाने चहाला हात लावला नव्हता.

"किती आहे?" तिने विचारलं.

"असू द्या की."

"इलाहीभाई, किती आहे?"

त्यांनी फोन तिच्यापुढे केला. चौसष्ट. ती आली तेव्हा एकदम पन्नाशीला गेला होता, आणि मग, हौशी शांत होत गेली तसतसा, एकेका मिनिटाने वर सरकत गेला होता. तिने आणखी पाच मिनिटं वाट पाहिली. सामायिकात बसावं तशी ताठ बसली, श्वास मोजला, काहीही मनात आणायचं नाही असं ठरवलं. हौशीने डोळे उघडून तिच्या तोंडाकडे बघितलं. सदुसष्ट.

त्रिशला उठली. इलाहीभाई म्हणाले की चहा तरी घ्या, निवला असेल तर दुसरा करायला सांगतो. ती नको म्हणाली. हौशी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. इलाहीभाईंनी तिचा पट्टा धरला, तशी ती थांबली. त्रिशलाने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला होता, तो तसाच मागे घेतला आणि कडी लावून ती बाहेर पडली.

रस्त्याच्या टोकाला रिक्षा उभी होती. ती बसली नाही, चालत राहिली. तासाभराने घराच्या जिन्यात तिने इलाहीभाईंना फोन लावला. ते लगेच हॅलो म्हणाले, जणू फोनची वाट बघत होते.

"उतरला का?" तिने विचारलं.

तिकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. इलाहीभाईंच्या मनात काय आलं असेल ते तिला कळलं. त्यांच्या जागी ती असती तर, अजून उतरला नाही, तुमची वाट बघतेय, असं कदाचित खोटं बोलली असती.

"उतरला, ताई," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर लगेच उतराय लागला. आता एकोणतीस हाय. झोपलीय."

"बरं झालं," त्रिशला म्हणाली. महिन्याच्या भेटीच्या कागदावर त्यांची सही लागणार होती. तो कागद आता भरू नका, असं तिने त्यांना सांगितलं, आणि फोन ठेवला.